शिशात उतरलेला मासा

आमच्या मुलुंडच्या घरी शोकेसमध्ये, नातीच्या बाहुल्यांच्या वरच्या कप्प्यात, पीओपीचा एक गोळा ठेवलाय. लहान ताटलीएवढा घेर, चार बोटं उंची, रंग आता पिवळट. त्याच्या एका अंगाला अर्धचंद्रासारखी धार उठलेली आहे. धारेची एक बाजू आत दबलेली, दुसऱ्या बाजूला जिभेसारखं एक टोक बाहेर आलेलं. येणारा-जाणारा हातात घेतो, उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, हे काय आहे? मी सांगतो, एका तुटलेल्या पाइपाचं तोंड आहे. हा साचा झाला तेव्हा ते तोंड आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं. ते रिगच्या, म्हणजे तेलविहीर खोदायच्या यंत्राच्या, फळीखाली सोळाशे मीटरवर, चिखलात, काळोखात होतं.

मी एकतीस वर्षं समुद्रातल्या तेलविहिरींवर काम केलं. माझ्या कामाचं नाव 'फिशिंग'. विहिरीत जे पडू नये ते पडलं, तुटू नये ते तुटलं, अडकू नये ते अडकलं, की त्याला 'फिश' म्हणतात आणि ते काढायला आमच्यासारख्यांना बोलावतात. रिगवरची मराठी मंडळी सरळ 'मासा' म्हणायची. "मासा किती खोल आहे?" "मासा उभा आहे की आडवा?" "मासा लागला!" हे शब्द मी इतकी वर्षं इतक्या गंभीरपणे उच्चारलेत की बाजारातल्या माशाला मासा म्हणताना मला अजून क्षणभर वेगळं वाटतं.

मुलुंडच्या बाजारात ज्या मावशींकडून आम्ही वर्षानुवर्षं मासळी घेतो, त्यांना एकदा बायकोने माझं काम सांगितलं. लोखंडाचे मासे काढतात म्हणाली. मावशी सुरी खाली ठेवून थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "मंग त्याला आमिष काय लावता?"

माझ्या धंद्याबद्दल इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. पाण्यातला मासा जिवंत असतो, भुकेला असतो, तो गळाकडे येतो. लोखंडाचा मासा हलत नाही. तो पडलाय तसा पडून राहतो आणि गळालाच त्याच्या आकाराचं व्हावं लागतं. म्हणजे आधी आकार कळला पाहिजे. आणि तो कळणार कसा, जिथे डोळा पोचत नाही?

हा प्रश्न मी पहिल्यांदा पाहिला तो गुहागरच्या बाजूला, आजीच्या विहिरीवर. चिरेबंदी विहीर, सात पुरुष खोल. रहाटाला सुंभाचा दोर, दोराला पोहरा. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की वर्षातून दोन-तीनदा कुणाची तरी कळशी सुटायची. मग पडवीच्या आढ्याला टांगलेला गळ खाली यायचा. लोखंडी कडी आणि तिच्याभोवती वाकड्या आकड्यांचा झुबका. आजी काठावर बसायची, गळ सोडायची आणि डोळे मिटून घ्यायची. आम्ही पोरं भोवती कलकलाट करायचो, तेव्हा ती म्हणायची, "गप्प बसा रे. हाताला ऐकू येऊ दे."

गळ तळाला टेकला की दोर किंचित सैल पडायचा. ती तो वीतभर उचलायची, थोडा फिरवायची, पुन्हा टेकवायची. दगडाला लागलेला आकडा वेगळा, गाळात रुतलेला वेगळा, तांब्याला लागलेला वेगळा. तिला हे सगळं दोरातून कळायचं. "कानाला लागलाय," म्हणायची आणि ओढायला लागायची. कळशी खरोखर कानाला अडकलेली वर यायची. पुढे माझ्या हाताखाली लाखो रुपयांची यंत्रं आली, वजनाचे काटे आले, दाबाचे तक्ते आले. पण त्या सगळ्यांतून मी जे करत होतो ते हेच होतं.

फरक खोलीचा होता. विहीर खोदायचा पाइप साधारण पाच इंच जाडीचा असतो आणि एकेक नग नऊ मीटरच्या आसपास. असे नग आट्यांनी एकमेकांना जोडत जायचं. ऐकताना वाटतं, पाच इंची पोलाद, केवढं भक्कम! पण दोन हजार मीटर लांबीला ते काय होतं, ते मी नव्या पोरांना असं सांगायचो: चाळीच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहा आणि शिवणाचा दोरा खाली जमिनीपर्यंत सोडा. जाडी आणि लांबीचं प्रमाण साधारण तेवढंच. आता त्या दोऱ्याच्या खालच्या टोकाने, डोळ्यावर पट्टी बांधून, जमिनीवर पडलेली सुई उचलायची.

मुंबईकरांना आपल्या समुद्रातल्या तेलाची ओळख बहुतेक एका रुपयाच्या नोटेतून झाली. त्या नोटेच्या मागच्या बाजूला जी रिग आहे ती 'सागर सम्राट'. १९७४च्या फेब्रुवारीत तिनेच मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधलं. १९७६च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. मी १९८६ साली, माटुंग्याहून मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन, यात शिरलो. जुहूहून हेलिकॉप्टर, चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. हेलिकॉप्टर उठलं की खाली आधी नारळांची रांग, मग वाळू, मग कोळ्यांच्या होड्या, आणि मग बराच वेळ नुसतं पाणी. पहिल्या वेळी मला त्या रिकाम्या पाण्याचीच भीती वाटली होती. रिगची भीती नंतर वाटली, आणि तिला कारण होतं.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. विहिरीतून सगळे पाइप वर आले होते, पाइपाच्या टोकाचं खोदणारं दातेरी डोकं, म्हणजे बिट, बदलायचं होतं. पाइप पकडून आटे घट्ट करायला मोठे टाँग असतात, त्यांच्या जबड्यात दात असलेल्या कठीण पोलादाच्या पट्ट्या बसवतात. बोटाएवढी लांब, बिस्किटाएवढी जाड. त्यातली एक झिजली होती, ती मी बदलत होतो. विहिरीचं तोंड उघडं असताना त्यावर झाकण टाकायचं, हा रिगवरचा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. मी टाकलं नव्हतं. दोन मिनिटांचं काम म्हणून. जुनी पट्टी निसटली, फळीवर एकदा आपटली आणि भोकात गेली. आवाज असा काहीच आला नाही. आजीच्या विहिरीत कळशी पडली की निदान 'डुब्' ऐकू यायचं.

ती पट्टी काही रुपयांची. पण तळाशी ती असताना नवं बिट सोडलं तर त्याचे दात तिच्यावर फुटणार. म्हणून खोदकाम बंद. आधी लोहचुंबक सोडला. तो उतरायला काही तास, वर यायला काही तास, आणि वर आला तेव्हा त्याला चिकटलेला होता फक्त लोखंडाचा कीस. मग टोपली सोडली. या टोपलीच्या तोंडाशी आतल्या बाजूला वळणारी पोलादी बोटं असतात. पंपाचा चिखल, म्हणजे खोदताना विहिरीत सोडायचा दाट द्रव, टोपलीच्या बाहेरून तळाला जातो, तिथून वळून आतून वर येतो आणि सोबत तळावरचा कचरा घेऊन येतो. बोटं आत जाणाऱ्याला वाट देतात, परत येणाऱ्याला अडवतात. ओढ्यात लावायच्या बांबूच्या टोपलीची युक्ती, दुसरं काही नाही. पट्टी टोपलीत आली. एकतीस तास गेले होते. रिगवर माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, किंवा मला तसं वाटत होतं.

त्या वेळी फिशिंगसाठी जे आले होते त्यांना सगळे तात्या म्हणायचे. लालबागचे. वडील गिरणीत फिटर, भाऊ गणपतीच्या कारखान्यात मूर्ती करायचा. तात्यांनी टोपलीतून पट्टी काढली, चिंध्यांनी स्वच्छ पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "खिशात ठेव," एवढंच म्हणाले. मग त्यांनी आमच्या साहेबाकडे जाऊन मला आपल्या हाताखाली मागून घेतलं. का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. पट्टी बरीच वर्षं माझ्या डांगरीच्या खिशात होती.

तात्यांकडे पुस्तकं नव्हती, पण या हत्यारांचा इतिहास त्यांना घरातल्या माणसांसारखा ठाऊक होता. त्यांच्याकडून ऐकलेलं मी पुढे स्वतः वाचून ताडून पाहिलं. तेलाच्या इतिहासात सगळे कर्नल ड्रेकचं नाव घेतात. १८५९ साली, ऑगस्टच्या २७ तारखेला, पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला त्याची विहीर एकोणसत्तर-साडेएकोणसत्तर फुटांवर तेलाला लागली. तात्यांना ड्रेकपेक्षा त्याच्या हाताखालचा लोहार, अंकल बिली स्मिथ, जवळचा वाटायचा. खोदायची हत्यारं त्याने घडवली होती, विहिरीवर तो राबत होता, आणि तेल वर आलेलं पहिल्यांदा त्यानेच पाहिलं. विहीर ढासळत होती म्हणून आधी लोखंडी नळ ठोकून खडकापर्यंत न्यायचा आणि त्याच्या आतून खोदायचं, ही त्या विहिरीवरची खरी युक्ती. आजही प्रत्येक विहिरीला आधी नळाचं अस्तर लागतंच.

पण खोल खोदणं अमेरिकेत सुरू झालं असं मानू नये. चीनमध्ये सिचुआनातल्या झिगोंगला मिठाच्या पाण्यासाठी शेकडो वर्षं विहिरी खोदत होते. बांबूच्या दोरांना जड लोखंडी हत्यार बांधायचं, उचलायचं, सोडायचं. १८३५ साली तिथली एक विहीर हजार मीटरच्या पार गेली. वाफेचं इंजिन नाही, पोलादी दोर नाही. आणि मला सगळ्यात भावणारी गोष्ट म्हणजे त्या कारागिरांकडे विहिरीत पडलेल्या वस्तू काढायची वेगवेगळी हत्यारं होती, तुटलेला दोर धरायचं वेगळं, हत्याराचं मुंडकं धरायचं वेगळं. म्हणजे जिथे खोदणं आहे तिथे पडणं आहे, आणि जिथे पडणं आहे तिथे काठावर डोळे मिटून बसलेलं कुणीतरी आहेच.

अमेरिकेतही आमच्या कामाचं पहिलं मोठं हत्यार मिठाच्याच विहिरींवर जन्मलं. व्हर्जिनियातल्या कनावा खोऱ्यात विल्यम मॉरिस नावाच्या माणसाने साखळीच्या दोन लांब कड्या एकमेकींत अडकवाव्यात तसं एक जोडकाम केलं. त्याचं पेटंट १८४१चं. अडकलेलं हत्यार नुसतं ओढून निघत नाही, त्याला झटका लागतो. या दोन कड्यांमध्ये मोकळी जागा असल्यामुळे वरची कडी वेगाने वर येते आणि खालचीला ठोसा देते. ओढण्याचं रूपांतर ठोक्यात. याला जार म्हणतात. तेलाच्या जगात ह्यूजच्या बिटाचं नाव फार मोठं आहे आणि ते रास्तच आहे. त्याआधी माशाच्या शेपटीसारखं पातं फिरवून जमीन खरवडत, कठीण खडक आला की थांबत. हॉवर्ड ह्यूज सीनियरने १९०९ साली दात असलेल्या दोन शंकूंचं बिट आणलं आणि खडक खरवडायच्या ऐवजी चुरायला सुरुवात झाली. १९३३ साली त्याचे तीन शंकू झाले. पण मला कुणी एकच हत्यार निवडायला सांगितलं तर मी जार निवडेन. बिट खडकाशी लढतं. जार माणसाच्या चुकीतून वाट काढतो.

आणखी एक हत्यार असंच कारखान्याच्या जमिनीवर जन्मलं. १९०१ साली, १० जानेवारीला टेक्सासमधल्या स्पिंडलटॉपला तेलाचा असा फवारा उडाला की विहिरीतले पाइप उचलून बाहेर फेकले गेले, आणि तो नऊ दिवस आटोक्यात आला नाही. लोकांनी तेव्हा तो समृद्धीचा कारंजा म्हणून पाहिला. विहिरीवर काम करणाऱ्यांना मात्र ठाऊक होतं की त्यात माणसं जळतात. १९२२ साली जेम्स अॅबरक्रॉम्बी नावाचा खोदकाम करणारा माणूस हॅरी कॅमेरॉन या यंत्रशाळेवाल्याकडे गेला आणि तिथल्या जमिनीवरच्या लाकडाच्या भुश्यात बोटाने चित्र काढून दोघांनी ब्लोआउट प्रिव्हेंटरची, म्हणजे असा फवारा रोखणाऱ्या हत्याराची, कल्पना जुळवली. दोन्ही बाजूंनी दोन पोलादी ठोकळे पुढे सरकतात आणि पाइपाभोवती तोंड आवळतात. आजच्या प्रिव्हेंटरमध्ये पाइपच कापून टाकणारी पातीही असतात.

२०१० साली, २० एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात मकोंडो विहिरीचा स्फोट झाला, अकरा माणसं गेली. त्या रात्रीच्या चौकशा मी एखाद्या नातेवाइकाच्या आजाराचे रिपोर्ट वाचावेत तशा वाचल्या. तिथेही कापणारी पाती होती. पण पाइप वाकून एका बाजूला सरकला होता आणि पाती मधोमध असलेल्या पाइपासाठी होती. ती पुढे आली, पण पाइप पुरता कापून विहीर बंद करू शकली नाहीत. हे वाचून मी पेपर खाली ठेवला आणि तात्यांची आठवण झाली. पाइप नक्की कसा उभा आहे, हे आधी जाणून घेतल्याशिवाय हत्यार सोडायचं नाही, यासाठी ते किती भांडायचे!

म्हणून ही शिशाची गोष्ट.

१९९४चा नोव्हेंबर होता. पश्चिम समुद्रातल्या एका रिगवर तिरपी विहीर चालू होती, खोली दोन हजार एकशे मीटरच्या पुढे. पहाटे विहिरीत टांगलेल्या पाइपांचं वजन दाखवणारा काटा एकदम पडला. सुमारे पंचाहत्तर टन दाखवत होता तो चाळीस-बेचाळीसवर येऊन थांबला. ड्रिलरने पंप बंद केले. कुणी काही बोललं नाही, कारण काट्यानेच सांगितलं होतं: तेहतीस-एक टन लोखंड आपल्या हातून सुटलं. वरचा भाग काढला, पाइपाचे नग मोजले. सोळाशे दहा मीटरवर तुटला होता. पण वर आलेलं टोक दाबलं गेलं होतं, घासून वाकडं झालं होतं. खाली राहिलेलं टोक कसं असेल ते त्यावरून सांगता येत नव्हतं.

आम्ही हेलिकॉप्टरने पोचलो तेव्हा रिगचे साहेब घाईत होते. तासाला किती पैसे जातात ते भिंतीवर लिहिलेलं नसलं तरी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. त्यांचं म्हणणं, थेट पकड सोडा. तात्या म्हणाले, आधी ठसा.

ठसा घ्यायचा ठोकळा म्हणजे पोलादी बैठकीवर ओतलेलं शिसं. खालचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट. तो पाइपाच्या टोकाला लावून खाली सोडतात. माशाच्या थोडं वर थांबून आधी चिखल जोरात सोडायचा, म्हणजे माशाच्या डोक्यावरचा गाळ धुऊन निघतो. मग पंप बंद. मग हळूहळू खाली. काटा हलला की अडीच-तीन टन वजन टेकवायचं, आणि उचलायचं. एकदाच. दुसऱ्यांदा टेकवलं की शिशावर दोन ठसे एकमेकांवर पडतात आणि काहीच वाचता येत नाही. फिरवायचं तर मुळीच नाही.

उतरायला साडेतीन तास, वर यायला साडेतीन तास. सात तास, एका स्पर्शासाठी. तो स्पर्श होत असताना तात्या ड्रिलरच्या मागे उभे होते आणि त्यांनी काट्याकडे बघायचं सोडून ब्रेकच्या दांडीवर, ड्रिलरच्या हाताशेजारी, आपला हात ठेवला होता. फळीवर इंजिनांचा एवढा आवाज असतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. त्यांचा चेहरा मात्र आजीसारखा झाला होता.

आज पोरं विचारतात, कॅमेरा का नाही सोडत? आता सोडतात, जिथे पाणी स्वच्छ आहे तिथे. पण खोदताना विहीर ज्या चिखलाने भरलेली असते त्यात बोटभर अंतरावरचंही दिसत नाही. शिसं त्या चिखलात जातं आणि जे लागेल ते आपल्या अंगावर घेऊन येतं. ते मऊ आहे म्हणून उपयोगाचं आहे. इतक्या सगळ्या कठीण पोलादामध्ये हे एकच हत्यार असं की जे दुखापत करून घ्यायलाच खाली जातं.

ठोकळा वर आला. शिशावर एका बाजूला, कडेला खेटून, अर्ध्या बांगडीसारखी खोल खूण. बाकी अर्ध्यात काही नाही, फक्त एक ओरखडा. साहेब म्हणाले, पाइप अर्धा फाटलाय. तात्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी आपली पत्र्याची हत्यारपेटी उघडली आणि तिच्यातून पीओपीची पिशवी काढली, लालबागहून भावाच्या कारखान्यातून आणलेली. ती त्यांच्याबरोबर दर वेळी यायची. साबणाचं पाणी शिशावर ब्रशने फिरवलं, भोवती पत्र्याची पट्टी गुंडाळली, डब्यात पीओपी कालवलं आणि ओतलं. मूर्तीचा साचा भरावा तसं, एका बाजूने, बुडबुडा राहू न देता. वीस मिनिटांनी पट्टी सोडली आणि गोळा उलटा करून टेबलावर ठेवला.

शिशात जे खोल होतं ते इथे उठून आलं. डॉगहाऊसमधल्या, म्हणजे फळीशेजारच्या खोलीतल्या, त्या टेबलावर, चहाच्या कपांच्या मध्ये, सोळाशे मीटर खालचं पाइपाचं तोंड उभं राहिलं. मला तो क्षण सांगता येत नाही. आम्ही पाच-सहा जण होतो, आणि सगळे आपोआप उभे राहिले. तात्यांनी अंगठा धारेवरून फिरवला. जिथे शिशात काही नव्हतं तिथे पाइप फाटलेला नव्हता, आत चेपला होता. पाइप विहिरीच्या खालच्या कुशीला पडला होता आणि त्याचं तोंड लंबगोल झालं होतं. सरळ पकड सोडली असती तर ती पाइपाच्या बाजूने घसरून खाली गेली असती आणि एकाचे दोन मासे झाले असते.

मग हत्यार त्या तोंडाप्रमाणे बांधलं. ओव्हरशॉट म्हणजे वरून गिळणारी पकड. एक पोकळ नळकांडं, त्याच्या आत उतरत्या पोलादी पायऱ्या, त्या पायऱ्यांवर सरकणारं एक कडं आणि कड्याच्या आतून बारीक दात. मासा खालून आत शिरताना कडं वर सरकून मोकळं होतं. वर ओढलं की कडं पायऱ्यांवरून खाली घसरतं आणि आवळतं. जितकं ओढाल तितकं घट्ट. सोडायचं असेल तर उजवीकडे फिरवत उचलायचं, मग सुटतं. आमच्या धंद्यात सोडता न येणारी पकड कुणी वापरत नाही, कारण मासा निघाला नाही तर तुम्हीही तिथेच राहता. तात्यांनी नळकांड्याच्या तोंडाला आकडीसारखी वळलेली वाट लावली, म्हणजे भिंतीला टेकलेला पाइप ती मध्ये ओढून घेईल. तिच्या आत चेपलेलं तोंड खरवडून गोल करणारी कठीण धार. आणि वर जार.

त्या रात्री साडेबाराला हत्यार माशाला टेकलं. हळूहळू फिरवलं, काटा थरथरला, आकडी लागली, सुटली, पुन्हा लागली. पाव तास खरवडलं. मग तात्या म्हणाले, "आता दे." थोडं वजन टाकलं आणि उचललं. काटा चाळीसवर होता, तो पंचेचाळीस, पन्नास, साठ. मासा लागला होता. पण पंचाहत्तरवर गेल्यावरही खालचा पाइप हलेना, इतक्या तासांत गाळ बसून अडकला होता. जारच्या आत तेल भरलेलं असतं. ओढ धरून ठेवली की तेल बारीक फटीतून हळूहळू सरकतं, काहीच घडत नाहीसं वाटतं, आणि मग फट संपते आणि हातोडा सुटतो. पहिला ठोका आला तेव्हा पायाखालची फळी उडाली. डबे खणखणले. प्रत्येक ठोक्यानंतर पुन्हा दाबायचं, पुन्हा ओढायचं, पुन्हा वाट बघायची. तात्या मोजत होते. अकराव्या ठोक्याला काटा एकदम सैल पडला आणि सत्त्याहत्तर टनांवर शांत उभा राहिला. मासा आमच्या हातात होता.

सकाळी नऊच्या सुमाराला तुटकं तोंड फळीच्या वर आलं. आम्ही ते खरवडल्यामुळे वरची धार बदलली होती, पण दबलेली बाजू आणि ती जिभेसारखी फाटलेली पट्टी ओळखू येत होती. मी धावत जाऊन टेबलावरचा गोळा आणला. तात्यांनी तो पाइपाशेजारी धरला, फिरवला आणि जीभ जिभेसमोर आणली. मासेवाल्या मावशींना आमिषाचं उत्तर द्यायचं झालं तर मी तो गोळा त्यांच्यासमोर ठेवीन.

मी आनंदात होतो. तात्या मात्र खाली वाकून पाइपाच्या बाजूला काहीतरी शोधत होते. तोंडाच्या चार बोटं खाली, गाळ पुसल्यावर, एक भोक दिसलं. करंगळी जाईल एवढं, कडा गुळगुळीत, पाण्याने झिजवल्यासारख्या. त्यांनी त्यात करंगळी घातली. "सुरुवात इथून," ते म्हणाले. पाइपाला कुठेतरी केसाएवढी चीर पडली होती. आतला चिखल दाबाने तिथून बाहेर पडत राहिला, चिरेचं भोक झालं, पाइप तिथे कमजोर झाला, आणि पीळ पडला तसा तुटला. त्यांनी पंपाच्या दाबाचा आदल्या रात्रीचा तक्ता मागवला. तुटण्याच्या पाच तास आधी दाब थोडा उतरलेला होता. थोडाच. कुणीतरी पंपाचा व्हॉल्व्ह झिजला असेल असं समजून पुढे चाललं होतं.

तुटका नग कापून तपासणीला गेला. शिशाचा ठोकळा नेहमीप्रमाणे वितळवून पुन्हा ओतला गेला, पुढच्या माशासाठी. शिशावरचा ठसा कुणी ठेवत नाही. गोळा तात्यांनी मला दिला. पुढच्या पंधरा वर्षांत मी स्वतः किती ठसे घेतले त्याची मोजदाद नाही, आणि पीओपीची पिशवी माझ्याही पेटीत राहिली. तात्या जाऊन आता बारा वर्षं झाली.

शोकेसमधला गोळा उलटा केला की त्याच्या बुडाला पेन्सिलीने लिहिलेलं आहे. माझ्या अक्षरात तारीख आणि '१६१० मी.'. त्याखाली तात्यांचं अक्षर, गिरणगावातल्या शाळेचं, ठसठशीत: 'बाजूचं भोक उतरलं नाही.'